देवळात ठेवलेली बर्फाची काठी

रस्ता चांगला झाला की मला संशय येतो. आमच्या गावात जेटीवरून बाजारात येणारा रस्ता रोज शेकडो पायांखाली असतो, तो खड्ड्यांत आहे. आणि वर सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, जिथं घर नाही, विहीर नाही, गुरांशिवाय कोणी फिरकत नाही, तिथं मागच्या उन्हाळ्यात गुळगुळीत डांबरी रस्ता झाला. तो एका मोठ्या दगडापाशी जाऊन संपतो. पुढे काही नाही. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, वरून मंजूर होऊन आला. वरून पाऊस येतो. रस्ता कोणीतरी आणतं, आणि आणणाऱ्याला तो कशासाठी तरी हवा असतो.

मी सव्वीस वर्षांची आहे आणि सहा वर्षं पत्रकं लिहिते आहे. प्रकल्पांना विरोध करणारी आमची समिती लहान आहे. छापायला सावंतवाडीला जावं लागतं, वाटायला आम्हीच. पत्रकात पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत आरोप आणि तळाशी वार, वेळ, ठिकाण, एवढं मला झोपेतही जमतं. या सहा वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकले. प्रकल्प जेसीबीवर बसून येत नाही. आधी एक माणूस काठी घेऊन येतो. कुठंतरी दगडावर रंगाचा ठिपका मारतो, कुठंतरी खुंटी ठोकतो, हसून पाणी मागतो आणि जातो. दोन वर्षांनी आपल्याला कळतं की त्या ठिपक्यापासून या ठिपक्यापर्यंत आता आपलं काही नाही.

म्हणून दिवाळीनंतर माझ्या थोरल्या काकीनं सांगितलं की सड्यावरच्या रस्त्याला कोणी टोचलंय, तेव्हा मी हातातलं काम टाकून गेले.

काकी मासे सुकवते. रस्ता झाला त्याच आठवड्यात तिनं आणि वाडीतल्या पाच बायकांनी तो ताब्यात घेतला होता. कुत्री वर येत नाहीत, ऊन दिवसभर, आणि डांबर तापलं की बांगडा दोन दिवसांत कडक होतो. त्यांनी मला भोकं दाखवली. डांबरात बारीक, खिळ्याच्या टोकाएवढी. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्याइतक्या अंतरावर दोन, समोरासमोर. मग माझी सहा मोठी पावलं रस्ता कोरा. मग पुन्हा दोन. अशी थेट त्या दगडापर्यंत. जिथं सडा थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो, त्या चढावर भोकं जवळजवळ होती, साडेचार पावलांवर, काही ठिकाणी साडेतीनवर.

मला लगेच उलगडा झाला. सपाटीवर मोजणी ढोबळ करतात, चढ-उतारावर बारकाईनं. सर्वेक्षणाचं साधं तत्त्व आहे. मी खडूनं प्रत्येक भोकाभोवती गोल काढला, म्हणजे उद्या नवी पडली तर कळावीत. दुसऱ्या दिवशी नवी होती. तिसऱ्या दिवशीही. मी रोज पावलं टाकून अंतरं वहीत लिहू लागले, आणि चौथ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला करवंदीच्या जाळीमागे बसले.

तो दिसला. अंगाला चिकटलेले काळे कपडे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकातोंडावर फडकं. पायाखाली लांब पट्ट्या, त्यांना पुढे एक आणि मागे एक चाक. दोन्ही हातांत खांद्याएवढ्या काठ्या. तो दोन्ही काठ्या एकदम पुढे टाकायचा, कमरेत वाकायचा आणि रस्ता त्याच्या खालून सरकायचा. पाय जवळजवळ हलतच नव्हते. कमरेला बाटली बांधलेली, त्यात तांबडं पाणी. दगडापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. आठ-नऊ वेळा. खाली आंब्याखाली त्याची मोटरसायकल उभी होती, तिची नंबरप्लेट आपल्या राज्याची नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. पहिली ओळ होती, "सड्यावर रोज पहाटे कोण मोजतं?" दुसऱ्या ओळीत मी लिहिलं की मोजणीची नवी पद्धत आली आहे, चाकावरची, म्हणजे लोकांना संशय येऊ नये. तांबड्या पाण्याबद्दलही लिहिलं, माती तपासायचं रसायन असावं म्हणून. त्या वाक्याखाली मी स्वतः रेघ मारली होती.

शनिवारी सकाळी काकी, तिच्या पाच जणी आणि मी उताराच्या तळाला रस्त्यावर आडव्या उभ्या राहिलो. तो वरून सुटला. मी हात वर केला. तो "बाजूक व्हा" असं काहीतरी ओरडला. आम्हांला ती धमकी वाटली आणि आम्ही एकमेकींच्या जवळ सरकलो. त्या चाकांना ब्रेक नसतो हे आम्हांला कुठून माहीत असणार? अगदी जवळ आल्यावर त्यानं अंग टाकलं, रस्ता सोडून गवतात शिरला आणि चार हातांवर जाऊन पालथा पडला. कोपर सोललं होतं. तो उठून बसला, फडकं खाली केलं, आणि बायकांकडे बघून कपाळाला हात लावला.

काकीनं आमच्याकडचा पहिला प्रश्न विचारला. "कोणाचो रे तू?"

"वालावलचो," तो म्हणाला. "पण आता पलीकडच्या वाडीत आसंय. जावय."

कोणाचा जावई ते त्यानं सांगितलं. खाडीपलीकडचं घर सगळ्यांना माहीत होतं. बायका सैल पडल्या. एकीनं विचारलं की सासूनं जावयाला जेवण देण्याऐवजी चाकं लावून बाहेर सोडलंन काय. तो म्हणाला की सासूनं तर बजावून सांगितलंय, वाडीत हे असलं काही करू नको, लोक हसतील, म्हणून तर तो फडकं बांधून एवढ्या लांब येतो.

मी हसले नाही. मी विचारलं, काय मोजतोस.

"मोजणंय नाय. ढकलतंय."

"काय?"

"माका."

मग त्यानं सांगितलं. तो फौजेत आहे. भरती झाल्यावर बर्फाच्या मुलखात नेमणूक झाली, मोटरसायकलही तिकडचीच; तिथं पायाला लाकडी पट्ट्या बांधून चालायला शिकवलं, आणि या कोकणातल्या माणसाला ते बरं जमतं असं कोणाच्या तरी लक्षात आलं. आता तो युनिटच्या संघात लांब पल्ल्याच्या शर्यती करतो, बर्फावरून पन्नास किलोमीटर. सहा आठवड्यांनी निवड आहे. तिथं घेतलं तर मोठ्या शर्यतीच्या संघात, नाही घेतलं तर पुन्हा साधी ड्युटी, आणि वय बघता दुसरी संधी मिळेल असं नाही. बायकोचं पहिलं बाळंतपण म्हणून रजा घेऊन आला आहे. रजेत सराव सुटला तर निवडीला जाण्यात अर्थ नाही. म्हणून ही चाकं. बर्फ नसतं तेव्हा सगळे असाच सराव करतात.

काकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्फार घसराचां काम. त्येका सराव कशाक रे? घसरणां काय, जेटीर शेवाळ आसा, चल तुका घसरवतंय."

सगळ्या हसल्या. मला मात्र तो मालवणी बोलतो याचीच जास्त भीती वाटली. पूर्वी कंपन्या पुण्यामुंबईची मराठी बोलणारी माणसं पाठवत, ती लगेच ओळखू यायची. आता इन्सुलीतला नाहीतर दोडामार्गातला आपलाच पोरगा निवडतात. तो तुमच्या मामाला ओळखतो, तुमच्या देवाला नारळ ठेवतो, आणि तुम्ही सही करून मोकळे होता. मी म्हटलं की समितीची खात्री पटेपर्यंत एक काठी आमच्याकडे राहील.

तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "काठी नेव नको," तो म्हणाला. "चाकां ने होयी तर, दुसरो जोड घराक आसा. एका काठयेन काय होवचा नाय."

तो चाकं द्यायला तयार होता आणि काठी नाही, म्हणजे मोजणीचं यंत्र काठीतच असणार. मी काठी घेतली.

इथं मी जी चूक केली ती फक्त आमच्या गावातलंच माणूस करू शकतं. काठी घरी ठेवली तर उद्या विरोधक म्हणणार, हिनं बदलली, हिनं मोडली. समितीला कार्यालय नाही. म्हणून मी ती देवळात नेऊन देवाच्या पुढ्यात ठेवली. आमच्याकडे वादातली वस्तू देवाच्या स्वाधीन केली की गाव बसून निर्णय देईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. एरवी देवळाचा कारभार बघणाऱ्या मानकऱ्यांवर मी पत्रकांतून तोंडसुख घेतलेलं आहे. पण त्या दिवशी मला ती पद्धत फार सोयीची वाटली. मुख्य मानकऱ्यानं काठी उचलून बघितली, इतकी हलकी कशी म्हणून तोंड वाकडं केलं आणि ती गाभाऱ्याबाहेरच्या खांबाला बांधली.

मंगळवारी मी खाडीपलीकडे गेले. त्याला खोटं पाडायलाच गेले होते. सासुरवाडी आहे का, असली तर बायको खरंच गरोदर आहे का, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

किनाऱ्यावर रापण चालू होती. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जो ओढील त्याला माशाचा वाटा, मग तो कुठलाही असो. दोराला तो होता. भातशेतीतला माणूस, त्याला वाळूत पाय रोवता येत नव्हते. रापणीचा म्हातारा मुकादम त्याला मिलिटरी म्हणून हाक मारत होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं शिकवत होता. "हातान काय ओढतंस रे मिलिटरी? हात दोन तासांत मरतले. पॉट आत घे नि आंग मागे टाक." मी वहीत लिहिलं, "लोकांत मिसळतो आहे. सावध."

त्याची बायको पडवीत बसली होती. पोट पुढे, पाय सुजलेले. तिनं मला ओळखलं. पत्रक तिच्याजवळ होतं.

"काठी हाडलंस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मगे कशाक इलंस?"

मी तिच्यासमोर उभी राहून चौकशी सुरू केली. कोणाच्या वतीनं खेळतो, सामान कोणाचं, जिंकला तर कोणाला काय मिळतं. ती म्हणाली की तो अजून कधी जिंकलेला नाही. एकदा सहावा आला होता, एकदा नववा. काठ्या युनिटच्या आहेत, त्याच्या उंचीला मोजून आलेल्या, इथं बाजारात मिळायच्या नाहीत. आणि जिंकायला काय लागतं ते मला ऐकायचं असेल तर त्यालाच विचारावं, कारण ती लग्नापासून तेच ऐकते आहे आणि तिला आता दुसरं काहीतरी ऐकायचं आहे.

तो रापणीवरून आला, वाट्याचे चार बांगडे सासूच्या हातात दिले आणि घरापुढच्या खळ्यातल्या माडापाशी गेला. माडाला मोटरसायकलची जुनी ट्यूब उंचावर बांधली होती. तिची दोन टोकं दोन मुठीत धरून तो ओढू लागला. वाकायचा, सुटायचा, वाकायचा. तीच हालचाल, सड्यावरची. ओढताना तो माझ्याशी बोलत होता, आणि त्याला दम लागत नव्हता, याचाही मला राग आला.

मी म्हटलं, मेहनत आणि जिद्द असलं काही सांगू नकोस, ते मी पत्रकात रोज लिहिते. खरं काय लागतं ते सांग.

त्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं, पुरावा म्हणून. पहिलं म्हणजे हळू जाता आलं पाहिजे. वर्षातला बहुतेक सराव इतका हळू करायचा की शेजारच्याशी बोलता यावं. तरण्या पोरांना तेच जमत नाही, रोज जोरात जातात आणि हिवाळा येईपर्यंत संपतात. त्याला स्वतःला हे कळायला दोन वर्षं गेली. दुसरं, खाणं. पन्नास किलोमीटरमध्ये भूक लागायच्या आधी खावं लागतं, लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, आणि धावताना पोटात टिकेल असं काय, ते आधी महिनोन्‌महिने करून बघावं लागतं. बाटलीतलं तांबडं पाणी कोकमाचं आगळ, गूळ आणि मीठ होतं. सासूनं केलेलं. हे ऐकताना मी मान वर केली नाही.

मग मेण. पट्टीच्या तळाला मेण लावतात. बर्फ एक दिसतं, पण सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, रात्री पडलेलं वेगळं, आणि मेण चुकलं की तुम्ही चिखलात पाय ओढल्यासारखे जाता. पूर्वी पायाखाली चिकटणारं मेणही लावत, चढावर पकड मिळावी म्हणून. आता लांब शर्यतीत जिंकणारे ते लावतच नाहीत, कारण सपाटीवर ते अडवतं. मग सगळा चढही काठ्यांवरच चढायचा, दोन्ही काठ्या एकदम, काही तास. हातांनी ते होत नाही, पोटानं आणि पाठीनं होतं. रापणीवरचा म्हातारा जे सांगतो तेच त्यांचा प्रशिक्षक इंग्रजीत सांगतो, असं तो म्हणाला.

"आणि वारो," तो म्हणाला. "एकटो पुढे गेलंस की वारो तुका खाता. म्हणान दुसऱ्याच्या पाटसून रवायचां."

"म्हणजे दुसऱ्याच्या आड लपायचं."

"व्हय. सगळे तेच बघतत. मगे पुढे कोण जातलो ह्येच्यावर सगळी शर्यत."

मला ही शर्यत पहिल्यांदा ओळखीची वाटली. मी विचारलं, जे जिंकतात त्यांचं मेण कोण लावतं. तो म्हणाला, थंडीच्या देशांतल्या संघांकडे मेण लावायलाच वेगळी माणसं असतात, गाडी भरून पट्ट्या असतात, सकाळी बर्फ बघून निवडतात. आमच्याकडे एकेकाला दोन जोड आणि मेण ज्याचं त्यानं. मी म्हटलं, मग हे सांग ना, जिंकायला काय लागतं याचं उत्तर हेच आहे, तिथं जन्मावं लागतं. पत्रकाचा मथळाच मिळाला होता मला.

"ताही लागता," तो म्हणाला. "पण आमच्या संघात सगळ्यांका दोनच जोड आसत. थंय मी नववो कशाक येतंय?"

मी ट्यूब मागितली. तीन मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला आणि बायको पडवीतून म्हणाली की आता तू बाळंत होशील, सोड.

त्यानं माझी वही मागितली. माझ्यावर काय काय लिहिलंयस ते बघू दे म्हणाला. मी मुद्दाम दिली. पुराव्याच्या नोंदी बघितल्या की माणूस घाबरतो, निदान अधिकारी तरी घाबरतात. तो पानं उलटत गेला आणि एका जागी थांबला.

"ह्या चढावरचां तू मोजलंस? रोज?"

रोज, मी म्हटलं.

"साडेचार नि साडेतीन, दोन्ही एकाच दिवशी?"

मी सांगितलं की एकाच चढावर, एकाच सकाळी, दोन तऱ्हेची अंतरं होती, त्याचं काय कारण ते त्यानंच सांगावं. तो पडवीच्या कडेला बसला. बायकोला बोलावून त्यानं ते पान दाखवलं. मग मला समजावलं. दोन भोकांच्या जोड्यांमधलं अंतर म्हणजे एका ढकलीत तो किती लांब गेला. साडेचार पावलांची भोकं सकाळच्या पहिल्या फेऱ्यांची. साडेतीनची शेवटच्या. म्हणजे थकल्यावर चढावर त्याची ढकल एका पावलानं तोकडी होते, आणि ती भरून काढायला तो काठ्या भराभर मारतो आणि आणखी थकतो. प्रशिक्षक दोन हिवाळे हेच सांगत होता आणि त्याला पटत नव्हतं, कारण आतून तसं वाटत नाही. आतून जोर तेवढाच वाटतो. जिंकणाऱ्याची ढकल शेवटच्या चढावरही पहिल्या चढाएवढीच लांब असते, असं तो म्हणाला. एवढंच लागतं, आणि तेच त्याच्याकडे नव्हतं, आणि ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

मला तिथंच कळलं की मी चुकले आहे. जो माणूस स्वतःचा कमकुवतपणा सापडल्यावर इतका खूश होतो तो कुठल्या कंपनीचा असूच शकत नाही. कंपनीचा माणूस वही मागून घेतो आणि परत देत नाही. यानं परत दिली आणि विचारलं, "काठी कधी?"

मी बुधवारी सकाळीच देवळात गेले. मुख्य मानकरी अंगणात झाडू मारत होता. मी म्हटलं, काठी द्या, माझी खात्री पटली. तो म्हणाला, तुझी पटली असेल, काठी तुझी नाही, आता देवाची आहे. ठेवताना तू आम्हांला विचारलं नव्हतंस, काढताना गावाला विचारावं लागेल. गाव सोमवारी बसतं. गेल्या सोमवारी का बसलं नाही, तर एका मानकऱ्याला सुतक होतं. मी त्याला सांगितलं की यात एका माणसाची निवड अडकली आहे, एकेक दिवस जातो आहे. तो म्हणाला की हे त्यानं माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे, घाई करणाऱ्यावर आधी संशय घ्यावा. खरं आहे. ते वाक्य माझ्याच एका पत्रकातलं होतं.

मी खाडीपलीकडे जाऊन सांगितलं. तो माडाच्या ट्यूबकडे गेला. बायको बोलली, ते लिहिण्यासारखं नाही. त्या शनिवारपासून पुढच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत असे नऊ दिवस गेले. तो रापण ओढत होता, ट्यूब ओढत होता, पण चाकांवर एका काठीनं काही होत नव्हतं, आणि चढावरची ढकल फक्त चढावरच सुधारते.

सोमवारी गाव बसलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की पत्रक चुकीचं होतं, भोकं मोजणीची नाहीत, माणूस आपला आहे, काठी परत द्यावी. मला वाटलं होतं की चूक कबूल करणाऱ्याला लोक मान देतात. लोकांनी माझ्याकडे तसंच बघितलं जसं मी सरपंचाकडे बघते. मागून एक जण म्हणाला, मंगळवारी खाडीपलीकडे गेली होती, बुधवारी मत फिरलं. दुसऱ्यानं विचारलं, कोणी फिरवलं. तिसरा माझ्याच समितीतला होता. "सहा वर्षां सांगतंस, गोड बोलणाऱ्यार इश्वास ठेव नको. मगे आज तुझ्यार कशाक ठेवायचो?" त्याला मी वही दाखवली. तिच्यात मोजमापं होती, म्हणजे उलट पुरावाच.

शेवटी काकी उठली. ती देवळात कधी बोलत नाही. म्हणाली की ती आणि पाच बायका रोज उजाडताना रस्त्यावर मासे पसरायला जातात. तो त्याच वेळी यावा, त्यांच्या डोळ्यांदेखत. उजवी बाजू माशांची, डावी त्याची. "तो मोजता काय धावता, ता आमका दिसात. ह्या चेडवाच्या वहीची गरज नाय."

मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली. मग मुख्य मानकऱ्यानं खांबावरची काठी सोडली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. ह्यो पलीकडच्या वाडीचो जावय, बर्फाच्या मुलखात धावता, तेच्या पायाक, काठयेक, कमरेक बळ दी, आणि ह्यो रस्तो मोजूक कोण आसात तर तेचे डोळे आंधळे कर. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं.

त्यानंतर तीन आठवडे तो आला. बायका मासे पसरायच्या आणि त्याला डिवचायच्या. वाकताना कंबर मोडली तर बाळंतिणीच्या शेजारीच खाट टाकू, वगैरे. मी चढावर खडू घेऊन बसायचे आणि पहिल्या फेरीची भोकं पांढऱ्या खडूनं, शेवटच्या फेरीची पिवळ्या खडूनं घेरायचे. साडेतीनची चार झाली. एके दिवशी सव्वाचार. तिसरा आठवडा संपता संपता मुलगी झाली, तिला चार दिवस बघून तो गेला.

निवडीनंतर त्याचा फोन आला. चार जण घेतले. तो पाचवा आला.

मी लगेच वही ओढली. विचारलं, वेळ कोणी मोजली. यंत्रानं, तो म्हणाला. पुढचे चार कुठले? बर्फातलेच, लहानपणापासून. त्यांना पट्ट्या जास्त दिल्या होत्या? नाही, दोनच जोड. मेण कोणी लावलं? त्यानं स्वतःच, आणि बरोबर लावलं होतं. मी म्हटलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू, निवडीचे निकष मागू, कुठंतरी काहीतरी सापडेल.

"काय सापडाचा नाय गो," तो म्हणाला. "शेवटच्या चढार माझ्यात रवलां नाय. चौथो माझ्या नजरेसमोर होतो."

मग मी ते विचारलं जे विचारण्यासाठी मी बाकी सगळे प्रश्न विचारत होते. त्या नऊ दिवसांचं काय?

फोनवर त्याच्या मागे कुणीतरी हिंदीत हाका मारत होतं. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी सुटले असते. हो म्हटलं असतं तर माफी मागितली असती, पत्रक काढलं असतं, माझ्या नावानं, मला ते करता येतं.

"ता माका सांगूक येवचा नाय," तो म्हणाला. "नऊ दिवसांनी झाला असता, नाय झाला असता. ह्या खेळात तसा कळाणा नाय."

आता पुढे काय, मी विचारलं. साधी ड्युटी, तो म्हणाला. पण प्रशिक्षकानं वही बघितली आहे, मी पाठवलेल्या पानांचे फोटो, आणि पुढच्या हिवाळ्यात एकदा बोलावीन म्हणाला आहे. नक्की नाही. तोवर रजेत सराव चालू ठेवायचा.

"कार्तिकात येतंय," तो म्हणाला. "काकीक सांग डावी बाजू ठेव म्हणान. नि ह्या खेपेक चार काठ्यो हाडतलंय. तुमचो भरवसो नाय."

मी म्हटलं, बरोबर आहे.